बाबा फायनल

"निवृत्तीभाऊ, उकंडरावजी कधी गेले?" बेबीताईंनी विचारलं आणि निवृत्तीनं नुसती मान हलवली. कधी या प्रश्नाला मान हलवणं हे काही उत्तर नव्हे. पण विचारणारीचा आवाज एकदम उतरला होता, हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिनं खाली ठेवला होता, आणि अशा वेळी हललेली मान कशीही वाचता येते. तिनं ती वाचली. "तीन वर्सं झाले? अन् मले कोणी सांगतलं बी नाई?" ती म्हणाली. समोर टेबलावर निवृत्तीचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर उकंडराव होते, पांढरी टोपी, गळ्यात कॉम्प्युटरनं घातलेला चंदनाचा हार, दोन्ही बाजूंना तेवत्या समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख, चौदा मार्च. आणि खरे उकंडराव, निवृत्तीचे वडील, दीड किलोमीटरवर, घराच्या पुढच्या खोलीत, दुपारचा चहा पिऊन खाटेवर बसलेले असणार होते. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते निवृत्तीच्या जिभेवर आलंही, पण त्याच्या मागे लगेच दुसरं उभं होतं, मग हे काऊन बनवलं, आणि त्या दुसऱ्यापुढे पहिल्याची हिंमत झाली नाही. बाहेर गल्लीतून सरकीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो गेला. तो जाईपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेली होती.

निमित्त म्हणाल तर एवढंच, की लॅपटॉप भरला होता. तीनशेवीस जीबीची डिस्क काठोकाठ भरलेली, कोपऱ्यातली पट्टी महिनाभर लाल, आणि एक फ्लेक्स सेव्ह करायचा तर दुसरा आधी काढावा लागे. निवडणुका तोंडावर आलेल्या. खामगावात बस स्टँडच्या मागे निवृत्तीचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि येत्या दोन महिन्यांत त्याच्या लॅपटॉपमधून अर्धा तालुका हात जोडून हसणार होता. मशीन तर चहा करून येईपर्यंत एक फोटो उघडत नव्हतं. शेवटी शालू, त्याची बायको, म्हणाली, "एकतर नवी डिस्क घ्या, नाहीतर मले घरात तुमचं हे कुरकुरणं नको." म्हणून तो बेबीताईंकडे आला. नवरा गेल्यावर ताईंनी त्याचं दुरुस्तीचं दुकान बंद केलं नव्हतं, उलट त्याच्यापेक्षा चांगलं चालवलं. "एक टीबीची टाकतो," त्या म्हणाल्या. "जुनी जशी हाये तशीच्या तशी नवीत उतरते. एक अक्षर इकडचं तिकडं होत नाई." आणि त्यांची एक पद्धत होती. काम झालं की डिस्कवरची सगळ्यात जड फाइल शोधायची आणि उघडून पाहायची. जड उघडली म्हणजे हलकी आलीच. तिथंच घोटाळा झाला. निवृत्तीच्या सात हजार फाइलींमध्ये सगळ्यात जड फाइल 'बाबा फायनल' नावाची होती. एवढी जड का, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत असणार? आमदारांच्यासुद्धा फ्लेक्सवर त्यानं इतकी मेहनत घेतली नव्हती.

ताईंनी जुनी डिस्क चंदेरी पिशवीत घालून त्याच्या हातात दिली. "ही ठेवा जपून. आता सगळं दोन जागी झालं." मग टेबलाच्या या बाजूला येऊन म्हणाल्या, "आमचे माणिकराव गेले तवा तुमचे बाबा दहा दिवस या दुकानाच्या पायरीवर बसून होते. काई बोलले नाई. रोज सकाळी यायचे अन् म्हणायचे, बेबी, शटर उघड. त्यांच्यामुळं उघडलं म्या शटर." त्यांचे डोळे भरले. निवृत्तीला वाटलं, आत्ता सांगावं. पण भरलेल्या डोळ्यांना ती तारीख खोटी आहे असं सांगणं त्याला जमलं नाही, आणि तो लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून उन्हात आला.

डिस्क शर्टाच्या खिशात होती. लहानशी वस्तू, चार काडेपेट्या शेजारी-शेजारी मांडल्या तर होईल एवढी, पण मशीनमधून नुकती निघालेली म्हणून कोमट होती, आणि ती छातीला लागत होती. दोन जागी झालं, तो मनाशी म्हणाला. बाबा आधी एका ठिकाणी मेलेले होते, आता दोन ठिकाणी. आणि आजपासून तिसरी जागा बेबीताईंच्या डोक्यात. चालता चालता त्याला नेहमीसारखे भिंतींवर आपणच छापलेले चेहरे दिसत होते. या गावातली माणसं तो त्यांच्या फोटोंवरून ओळखत होता, आणि एक गोष्ट फार लवकर शिकला होता. वाढदिवसाचा फोटो आणि श्रद्धांजलीचा फोटो वेगळा नसतो. लोक घाईत येतात, मोबाइलमधला असेल तो फोटो देतात, आणि तो बहुधा गेल्याच वर्षीच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा असतो. मग हसू तसंच ठेवायचं, मागची केशरी किरणं काढायची, निळं आभाळ टाकायचं, केक पुसायचा, समई ठेवायची. पाच मिनिटांत माणूस जातो. तीन-चारदा तर असंही झालं होतं, की दवाखान्यातून फोन आला, "भाऊ, डॉक्टरनं सांगतलं, आज रात्र निघनं कठीण हाये, बनवून ठेवा." आणि निवृत्तीनं बनवून ठेवलं. त्यात त्याला काही वाटत नसे. चौकात सकाळी फ्लेक्स नसला तर गाव घरच्यांना नावं ठेवतं. तयार असावं, हा धंद्याचा साधा हिशेब.

तीन वर्षांपूर्वी मार्चच्या तेरा तारखेला अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन तेच सांगितलं. वडिलांच्या तोंडात नळी होती, अर्धं अंग गेलेलं, छाती मशीन वर-खाली करत होतं. "ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." निवृत्ती कपडे आणि कागद आणायला दुपारच्या गाडीनं खामगावला आला. घरी जाण्याआधी दुकानात शिरला. कशाला शिरला, हे त्याला आजही सांगता येत नाही. शटर अर्धं ओढलं, लॅपटॉप उघडला, आणि हात चालू झाले. साखरखेर्ड्याच्या, मूळ गावच्या, शेतात त्यानंच काढलेला फोटो घेतला. ज्वारी कमरेएवढी, बाबा ऊन चुकवायला डोळे बारीक करून हसताहेत. ज्वारी कापून काढली. टोपीच्या कडेचा एकेक धागा सोडवला. गालावरची सावली थोडी उजळ केली. नाव आधी लाल केलं, मग वाईट दिसलं म्हणून गडद निळं. 'कै. उकंडराव' या अक्षरांमधलं अंतर त्याला पटेना, तेव्हा ते त्यानं तीनदा बदललं. दोन तास गेले. आणि जी गोष्ट त्यानं शालूला सांगितली नाही, कोणालाच नाही, ती ही, की त्या दोन तासांत त्याला बरं वाटत होतं. काम छान होत होतं. एकदा तर तो खुर्चीत मागे रेलला, डोकं तिरकं करून पाहिलं आणि मनात म्हणाला, जमलं. शेवटी तारीख टाकायची राहिली. आज की उद्या? डॉक्टरनं रात्र म्हटलं होतं. त्यानं चौदा टाकली, 'बाबा फायनल' असं नाव दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला गेला.

आणि चौदा तारखेला सकाळी साडेसहाला उकंडरावांनी डोळे उघडले.

निवृत्ती खाटेच्या पायाशी उभा होता. नर्सनं हाक मारली, "काका, ओळखता का, कोण हाये हा?" आणि बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तोंडात नळी, बोलता येत नाही, नुसते डोळे. त्या क्षणी आपल्या चेहऱ्यावर काय होतं, हा प्रश्न निवृत्तीला गेली तीन वर्षं सोडत नाही. आनंद असायला हवा होता. तो आला, पण नंतर आला, कॉरिडॉरमध्ये गेल्यावर भिंतीला डोकं लावून तो रडलासुद्धा. पण पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, त्याच्या मनात जे आलं ते एवढंच होतं, अरे, आता त्याचं काय करायचं? आणि ते चेहऱ्यावर उमटल्याशिवाय राहिलं असेल? माणसांचे चेहरे वाचण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याला असल्या गोष्टीत स्वतःची समजूत घालता येत नाही.

बाबा घरी आले. वाचा परत आली, उजवा पाय मात्र ओढत चालू लागले. घरात त्यांचं सगळं होत होतं, त्यात कोणी बोट ठेवायला जागा नव्हती. औषधं निवृत्ती आणत होता, फळं आणत होता. पण आंघोळ शालूचा भाऊ घालून जायचा, उठवून बसवायला शालू. बाबा पडद्यावर जसे होते तसे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते आणि हे जे खाटेवर खोकत होते, चहात बिस्किट बुडवत होते, ते कोणीतरी मागून आलेलं वाटायचं. कधी संध्याकाळी दारातून आत शिरताना बाबा उजेडाकडे पाठ करून बसलेले दिसत आणि दोन्ही बाजूंना समया नाहीत याचंच त्याला आधी नवल वाटे. मग स्वतःची किळस येई. फाइल काढून टाकावी असं शंभरदा मनात आलं. पण काढली आणि दुसऱ्याच दिवशी लागली तर? मग ती परत बनवावी लागेल. ते दोन तास परत. आणि त्याहून वाईट असं वाटे, की ती आहे म्हणून बाबा आहेत. तयार आहे, म्हणून गरज पडत नाही. असलं काही तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकता तर हसला असता.

जिनिंग कारखान्याच्या मागच्या बाजूला रस्ता वळतो तिथं कचऱ्याचा मोठा ढीग होता. कापसाचं किट्टं, प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, आणि फाटक्या फ्लेक्सचे तुकडे, त्यातल्या एकावर कोणाचा तरी अर्धा हसरा जबडा. दोन शेळ्या चरत होत्या. निवृत्ती थांबला. खिशातून डिस्क काढली, आजूबाजूला पाहिलं आणि ढिगावर टाकली. दहा-बारा पावलं गेला असेल. मग त्याला आठवलं ते असं, की त्याला पुढे जाताच येईना. साखरखेर्ड्याला त्याच्या आजीची, जनकाबाईची, आधीची तीन लेकरं गेली होती, एक तर पाचवी पुजायच्या आधीच. चौथं झालं तेव्हा तिनं ते नाळ कापल्या-कापल्या उचललं आणि घरामागच्या उकंड्यावर, शेणाच्या ढिगावर, नेऊन ठेवलं. मागे न पाहता घराला एक फेरी मारली, परत येऊन मोठ्यानं विचारलं, "कोणाचं लेकरू हाये हे?" शेजारीण तयारच उभी होती. ती म्हणाली, "कोणाचंच नाई. घेऊन जा." मग आजीनं ते सापडल्यासारखं उचललं. जे कोणाचंच नाही, टाकून दिलेलं आहे, त्याच्याकडे मरण कशाला बघेल? म्हणून नाव उकंडा. मोठेपणी उकंडराव. सत्तर वर्षं त्या नावानं पुरी केली. निवृत्ती मागे फिरला. शेळी डिस्क हुंगत होती. तिला हुसकून त्यानं ती उचलली, पिशवी शर्टाला पुसली आणि खिशात घातली. आता ती थंड झाली होती.

घरी बाबा खाटेवरच होते. "झालं का तुह्यं मशीन?" त्यांनी विचारलं. "झालं," तो म्हणाला, आणि कोपऱ्यात पडदा भिंतीकडे करून बसला. मशीन खरंच नवं झालं होतं, बोट लावताच उघडत होतं. 'बाबा फायनल' इतक्या झटकन समोर आली की तो दचकला. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. त्यानं फाइल बंद केली, निवडली. ही फाइल कायमची काढायची का, असं मशीननं विचारलं. बोट त्या 'हो'वर किती वेळ होतं कोण जाणे. आतून शालूच्या फोडणीचा वास आला, बाबांनी घसा खाकरला, आणि प्रत्येक आवाजाला त्याला वाटत होतं, आत्ता दाबलं तर हा शेवटचा.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. बेबीताई होत्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर आणि हातात पातळ पिशवी, पिशवीतून झेंडूचा हार दिसत होता. उशिरा का होईना, त्या बसायला आल्या होत्या. निवृत्तीला हे सुचायला हवं होतं. कोणी गेल्याचं कळलं आणि माणूस घरी येऊन बसलं नाही, असं या गावात होत नाही. त्या उंबऱ्यात आल्या आणि खाटेकडे पाहून तिथंच खिळल्या. एक चप्पल पायात, एक बाहेर.

"बेबी? ये की. अशी उभी काऊन राह्यली?" उकंडराव म्हणाले.

ताईंनी पिशवी मागे नेली, पण हार काही लपणारी वस्तू नव्हे.

"हार कोणाले आणला?"

ताईंनी निवृत्तीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून त्याला ती जास्त लागली. "बाबा, मले माफ करा," त्या म्हणाल्या. "दुकानात कॉम्प्युटरवर फोटो पाह्यला म्या तुमचा. तारीख बी होती. यायले इचारलं, तर यायनं मान हलवली."

शालू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात ताईंसाठी पाण्याचा तांब्या होता, तो तिनं दिलाच नाही. निवृत्तीला कानांत नुसता पंख्याचा आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते आलं, आणि ते आल्यावर त्याला लाजेपेक्षा थकवा जास्त वाटला.

"दाखव," उकंडराव म्हणाले.

त्यानं फाइल उघडून लॅपटॉप खाटेवर ठेवला. बाबांनी चष्मा लावला. जणू तहसीलचा कागद वाचावा तसं वरपासून खालपर्यंत वाचलं, ओठ हलवत. पडद्याचा निळा उजेड त्यांच्या गालावर पडला होता. "टोपी चांगली घेतली," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "ज्वारी काऊन काढली? ज्वारी चांगली आलती त्या साली." मग बोट तारखेवर थांबलं. "चवदा मार्च. त्या दिवशी म्या डोळे उघडले होते."

"हाव, बाबा."

"तू पायाशी उभा होता. तुह्यं तोंड पाह्यलं म्या." ते शांतपणे बोलत होते, आणि निवृत्तीला ते थांबायला हवे होते आणि थांबायलाही नको होते. "तवाच समजलं मले. म्हटलं, हा काईतरी टाकून आला. काय टाकलं ते मालूम नव्हतं. आज समजलं."

"बाबा, डॉक्टरनं सांगतलं होतं. म्या..."

"टाकलं त्याचं काई नाई," उकंडराव म्हणाले. "माह्या मायनंबी टाकलं मले. नाळ वली होती. पण घराले फेरा मारून आली अन् उचललं तिनं. तू टाकलं, अन् तीन वर्सं झाले बापू, उचलाले आलाच नाई. पेरू आणते, औषधाच्या गोया आणते. हात लावत नाई. म्या रोज पाहतो. दारातून आत येते, माह्याकडं पाहते, अन् जसं कोणाच्या भलत्याच घरात आला तसा बाजूनं निंगून जाते."

निवृत्तीला रडायचं होतं, पण रडणंसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. बाबांनी चष्मा काढला, लॅपटॉप बाजूला सरकवला आणि दोन्ही हात वर केले, उजवा थोडा कमी उठला. "चाल. ताईले बसाले जागा करून दे. मले उचल अन् खुर्चीवर बसव." मग हात तसेच वर धरून म्हणाले, "असं नाई. आधी इचार. मायनं इचारलं होतं."

"बाबा..."

"इचार म्हणतो ना मी."

निवृत्ती खाटेजवळ गेला. "कोणाचं हाये हे?" तो म्हणाला, आणि ते इतकं हळू निघालं की त्यालाच ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं, खोलीला विचारावं तसं. बाहेरून जलंबला जाणाऱ्या गाडीची शिटी आली आणि गेली. कोणीच उत्तर दिलं नाही तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं, आणि बाबांचे वर धरलेले हात हळूहळू खाली यायला लागले होते. मग दाराकडून बेबीताई बोलल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "कोणाचंच नाई," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

निवृत्तीनं वाकून बाबांच्या काखेत हात घातले. बनियन घामानं ओलं होतं, बरगड्या बोटांना लागत होत्या आणि त्यांच्या आत काहीतरी भराभर धडधडत होतं. तो उचलायला गेला आणि बाबा आधी उचललेच गेले नाहीत. माणूस इतका जड असतो हे तो विसरला होता. दुसऱ्या खेपेला त्यानं पाय रोवले, बाबांना छातीशी घेतलं आणि उभं केलं. शर्टाच्या खिशातली डिस्क दोघांच्या मध्ये रुतली. बाबांचं तोंड त्याच्या तोंडासमोर एका वितीवर आलं, चहाचा आणि औषधाचा वास आला, आणि त्या सकाळसारखंच ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, खूप वेळ, डोळे बारीक करून. या खेपेला तिथं काय दिसलं, ते त्यांनी सांगितलं नाही.